मार्कचं शुभवर्तमान, कानांसाठी: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

उपासनेनंतर बैठक झाली. मंडळीतल्या (म्हणजे आमच्या चर्चच्या) नऊ जणांना आता छापील अक्षर दिसत नाही आणि दोघींना वाचायला कधी कुणी शिकवलंच नाही. त्यांच्यासाठी मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक, अथपासून इतिपर्यंत ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. मुदत ईस्टरपर्यंत, म्हणजे २० एप्रिल.

वाचणार मी. यावर चर्चा झालीच नाही. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धांपासून ‘तुमचा आवाज रेडिओवर हवा होता’ हे ऐकत आलोय, त्यामुळे आपलं नाव कुणी सुचवलं की नम्रपणे खाली कसं पाहायचं याचाही चांगला सराव आहे. वहीच्या पहिल्या पानावर बायबलमधलं १ पेत्र ४:१० लिहिलं: ज्याला जे कृपादान मिळालं त्यानं ते एकमेकांच्या सेवेत लावावं, चांगल्या कारभाऱ्यासारखं.

मार्क का? चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान. १६ अध्याय, ६७८ वचनं. शिवाय त्या काळी बहुतेकांना हे पुस्तक कानांवाटेच भेटलं असणार. एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, प्रकटीकरणाच्या, सुरुवातीला (१:३) वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना वेगवेगळं धन्य म्हटलंय. म्हणजे आपण काही नवीन करत नाही, फक्त मधे वायर आली.

११ जानेवारी

तांत्रिक कामं. भाषांतर मुक्त परवान्याचं निवडलंय. श्रेय देण्याची अट आहे, ती पहिल्याच फाइलमध्ये बोलून पूर्ण करायची.

खोली घुमते. टाळी वाजवली की भिंत उत्तर देते. कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, समोर दोन गाद्या उभ्या केल्या, पाठीमागे रजई. आता टाळी मेल्यासारखी वाजते, म्हणजे बरोबर. पंखा बंद, फ्रीजचा प्लग काढलेला (नंतर लावायला विसरायचं नाही, असा कागद दाराला चिकटवलाय). माइक तोंडासमोर न ठेवता जरा बाजूला, वीतभर अंतरावर. ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. मी गप्प असताना पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली राहते का ते पाहिलं. राहते, शेजारचं कुत्रं झोपलेलं असेल तर.

१८ जानेवारी

पहिला अध्याय पूर्ण. ४५ वचनं, तीन तास लागले. स्वतःच ऐकून पाहिलं आणि खरं सांगायचं तर अंगावर काटा आला. ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ हे असं काही लागलंय की बस. फाइल अण्णांना पाठवली.

अण्णांबद्दल एवढंच: वय ८१, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, मार्क जवळजवळ पाठ. तपासनीस म्हणून त्यांच्यापेक्षा योग्य माणूस मिळणं नाही.

१९ जानेवारी

उपासनेनंतर अण्णांना गाठलं. ते म्हणाले, “आवाज फार सुंदर आहे रे तुझा.” मी थांबलो. ते पुढे म्हणाले, “दोनदा ऐकलं. दोन्ही वेळा आवाजच ऐकला. त्या कुष्ठरोग्यापाशी येशू काय म्हणाला, ते मला माझ्या आठवणीतून काढावं लागलं.”

घरी येऊन पुन्हा ऐकलं. कुष्ठरोगी ‘आपली इच्छा असेल तर’ म्हणतो तिथे मी आवाज असा काही कापवलाय की ऐकणाऱ्यानं वा म्हणावं. गुडघे टेकलेला माणूस वा मिळवायला बोलत नसतो.

२३ जानेवारी

चार दिवस माइकला हात लावला नाही. रागावलो होतो, हे लिहून ठेवतो.

पाळकसाहेबांना सांगितलं तर त्यांनी सांत्वन करण्याऐवजी संत ऑगस्टीनचं आत्मकथन ‘कन्फेशन्स’ हातात दिलं, दहाव्या भागात खूण घालून. हा माणूस मिलानमध्ये वक्तृत्वाचा प्राध्यापक होता. बोलण्याची देणगी त्यानं बाजारात मांडली होती, आणि नंतर स्वतःला शब्द विकणारा म्हणून त्यानं हिणवलंही. ३८६ साली नोकरी सोडली, ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेतला. पुढे बिशप झाल्यावर तो लिहितो की कधी कधी गायलेल्या शब्दांपेक्षा गाणंच मनाला जास्त हलवतं, तेव्हा आपलं पाप होतं आणि गाणारा ऐकूच आला नसता तर बरं असं वाटतं. तिथंच आलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसची आठवण आहे: तो स्तोत्र वाचणाऱ्याला स्वर इतका कमी हलवायला लावायचा की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई.

पण ऑगस्टीन तिथे थांबत नाही. विश्वासाच्या सुरुवातीच्या दिवसांत मंडळीचं गाणं ऐकून आपण रडलो होतो, हेही त्याला आठवतं, आणि शेवटी तो कचरत का होईना, गाण्याच्या बाजूनं झुकतो. स्वतःचं वक्तृत्वही त्यानं फेकून दिलं नाही. त्याची शेकडो प्रवचनं आज उपलब्ध आहेत. विकणं थांबवलं, बोलणं चालू ठेवलं.

पहिला अध्याय पुन्हा करतोय.

१ फेब्रुवारी

अध्याय १ ते ४ झाले. वाचण्याबद्दल जे हाती लागलं ते टिपून ठेवतो, पुढे दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

मार्क घाईत आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘युथीस’ हा शब्द चाळीसच्या आसपास वेळा येतो: लागलेच, तत्काळ, तेव्हाच. मी प्रत्येक ‘लागलेच’च्या आधी श्वास घेऊन प्रसंग सजवत होतो. गोष्ट धावतेय आणि वाचणारा पालखीत बसलाय! आता त्या शब्दाआधी श्वास घ्यायचा नाही असा नियम केलाय.

भ आणि फ माइकवर आदळतात. ‘भूत’ आणि ‘भाकर’ या दोन शब्दांनी मार्क भरलेला असल्यामुळे हा प्रश्न लहान नाही. तोंड जरा वळवून म्हटलं की भागतं. ‘जाळं’मधला ज आणि ‘जीव’मधला ज वेगळे, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. पण कागद समोर धरून जपून वाचायला लागलं की जीभ पुस्तकी होते आणि कोळ्यांची जाळीसुद्धा संस्कृत होतात. दोन ठिकाणी दुरुस्त केलं.

मोशेची गोष्ट आठवत राहते. इस्राएल लोकांना मिसरातून सोडवायला देव त्याला पाठवत होता, तर ‘मी जड जिभेचा आहे’ असं म्हणून तो काम टाळत होता (निर्गम ४:१०). माझ्या बाबतीत अडचण उलटी आहे. जीभ फारच हलकी आहे.

८ फेब्रुवारी

संपादनाचं काम माझ्यानं होत नाही, हे मान्य करतो. स्वतःच्या चुका मला ऐकूच येत नाहीत, कारण काय म्हणायचं होतं ते मला माहीत असतं.

मंडळीतली एक मुलगी मदतीला आली. हिशेब-तपासणीचं शिकते. पंधरा वर्षं त्याच बाकावर बसते आणि तिला कुणी कधी काही करायला सांगितलेलं नाही, कारण ती गात नाही, बोलत नाही, लहान मुलांना सांभाळायला लावलं तर मुलांपेक्षा तीच आधी रडकुंडीला येते. आपल्याकडे ‘देणगी’ म्हटलं की जी चार लोकांपुढे उभी राहून दाखवता येते तीच मोजायची पद्धत आहे. यात मीही आलो. नावांची यादी करायला मी होतोच की.

तिनं कानाला हेडफोन लावून तीन मिनिटांत मला सांगितलं, “दादा, प्रत्येक वाक्याच्या शेवटी तुम्ही ओठ मिटता त्याचा चट् असा आवाज येतो. पहिल्या अध्यायात तो एकसष्ट वेळा आहे.” मोजले होते!

१५ फेब्रुवारी

आजची नोंद आनंदानं लिहितोय.

सहावा आणि आठवा अध्याय तिच्याकडे होते. रात्री साडेदहाला फोन: “दादा, हिशेब जुळत नाहीये.” मला वाटलं परीक्षेचं काही. तर ती म्हणाली की येशूनं थोड्याशा भाकरींत पाच हजारांना जेवू घातल्यावर टोपल्या उरल्या बारा, हे सहाव्यात बरोबर आहे. आठव्यात चार हजारांच्या वेळीही मी बाराच म्हटल्यात. आणि पुढे ८:१९-२० मध्ये येशू स्वतः शिष्यांना दोन्ही आकडे विचारतो, तिथे उत्तर येतं बारा आणि सात. “म्हणजे एक तर तुम्ही चुकलात, नाही तर शिष्य.”

तिच्यापुढे छापील पान नव्हतं. फक्त कानांनी ऐकून तिनं जमा-खर्चासारखी बेरीज धरून ठेवली होती. मी ही दोन्ही वचनं आयुष्यात पन्नासदा तरी वाचली असतील, पण येशू तिथे आकडे तपासून घेतोय, हे मला कधी दिसलं नव्हतं. मला तो परिच्छेद नेहमी शिष्यांच्या मंदबुद्धीचा वाटायचा. तो तसाही आहे, पण त्याच्या मधोमध एक हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो ऐकू यायला हिशेबाचा कान लागला.

८:८ पुन्हा मुद्रित केलं. सात.

२२ फेब्रुवारी

पाचवा अध्याय अण्णांनी परत पाठवला. तिसऱ्यांदा. अडचण एकाच जागी आहे, ५:४१. सभास्थानाचा अधिकारी याइर, त्याची मुलगी. मार्कनं इथे येशूचे मूळ अरामी शब्द तसेच ठेवलेत: तलीथा कूम. मुली, ऊठ. माझ्या तोंडून ते दर वेळी चमत्कार करणाऱ्या माणसाचे शब्द होतात. अण्णांचं म्हणणं, “घरात रोज सकाळी मुलीला उठवतात तसं ते आहे. तू मेलेल्याला उठवतोयस.” मी म्हटलं, मेलेलीच होती ना ती. ते म्हणाले, “तिच्या आईबापासाठी.”

उत्तर सुचलं नाही.

२ मार्च

घसा बसला. गेल्या तीन दिवसांत अध्याय ९ ते १२ उरकून टाकायच्या हट्टापायी रात्री दीडपर्यंत वाचत होतो. डॉक्टरांनी दहा दिवस बोलायचं नाही असं सांगितलंय. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजण्यानंही घशावर ताण येतो म्हणे.

पाटी-पेन्सिल घेऊन फिरतोय. घरच्यांना बरं वाटतंय असा संशय आहे.

९ मार्च

वेळ वाया जाऊ नये म्हणून पाळकसाहेबांनी मावशींना पाचवा अध्याय वाचून पाहायला सांगितलं. मावशी मंडळीत फुलं मांडतात. वाचन म्हणाल तर रोज रात्री नातवंडांना वाचून दाखवतात, तेवढंच. माइकसमोर बसल्या, एकदा खोकल्या आणि ४३ वचनं सलग वाचून काढली. मी समोर पाटी घेऊन बसलो होतो. दोन ठिकाणी अडखळल्या. ‘गरसेकर’ या तिथल्या लोकांच्या नावाला तर तीनदा.

‘तलीथा कूम’ला त्यांनी आवाज जरा खाली घेतला, बस. पुढे वचन ४३ मध्ये येशू तिला खायला द्यायला सांगतो ना, ते वाचताना त्यांचा सूर असा होता की अर्थात, आधी खायला घाला पोरीला.

फाइल अण्णांकडे गेली. तासाभरात होकार आला.

११ मार्च

नोंदवहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून: मला हेवा वाटला. आनंदही झाला, पण आधी हेवा.

बोलता येत नसल्यामुळे वाचणं वाढलंय. निर्गम ३१ काढलं. देवाच्या आत्म्यानं परिपूर्ण केलेला असं ज्याच्याबद्दल नाव घेऊन पहिल्यांदा म्हटलंय, तो संदेष्टा नाही, याजक नाही; बसालेल नावाचा कारागीर आहे. सोनं, रुपं, पितळ, रत्नं, लाकूड. जोडीला दान वंशातला अहलियाब. हे पूर्वीही माहीत होतं, हस्तकलेच्या शिबिरात हाच उतारा वाचतात.

पण पान उलटलं की ३२वा अध्याय आहे, आणि तिथे सोन्याचं वासरू. तेही हातानंच घडवलंय, लोकांच्या कानांतल्या सोन्यातून. घडवणारा कोण? मोशेचा भाऊ अहरोन, ज्याच्याविषयी देवानंच मोशेला म्हटलं होतं की त्याला चांगलं बोलता येतं. लोकांना ‘नाही’ म्हणायची वेळ आली तेव्हा तो बोलका माणूस बोलला नाही. आणि मोशेनं जाब विचारल्यावर मात्र काय सुंदर बोलला: सोनं आगीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं! (३२:२४.) चांगल्या वक्त्याची सबब अशी असते.

हे दोन अध्याय असे पाठीला पाठ लावून का आहेत, यावर शिबिरात कधी बोलणं झाल्याचं आठवत नाही.

१६ मार्च

आवाज परत आला, थोडा खरखरीत. अभ्यासवर्गात मत्तय २५ होतं, योगायोगानं. तालान्ताचा दाखला: धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक तालान्त सोपवतो, आणि एकवाला तो जमिनीत पुरून ठेवतो. कुणीतरी नेहमीप्रमाणे म्हणालं, तालान्त म्हणजे आपल्यातले गुण. मी हात वर केला, कारण घसा जपायचा होता.

तालान्त हे वजन होतं, तीस किलोहून अधिक. पैशात ६,००० दिनार. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयनंच पाच अध्याय आधी द्राक्षमळ्याच्या दाखल्यात सांगितलंय. म्हणजे एक तालान्त ही जवळपास वीस वर्षांची मजुरी झाली. ज्याला ‘एकच’ मिळाला त्यानंही डोळे फिरतील एवढं पुरलं होतं. इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणजे अंगचा गुण, हा अर्थ याच दाखल्यावरून पुढे रूढ झाला आणि आपण तो तिकडून उचलून पुन्हा दाखल्यात घातला. मूळ वचन १५ मात्र म्हणतं की धन्यानं तालान्त दिले ते ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. कुवत आधीपासूनच त्यांच्यात होती. तालान्त तिच्याहून वेगळे, वरून सोपवलेले, आणि ते धन्याचेच.

मग माझ्या बाबतीत आवाज ही कुवत. सोपवलेलं काय, तर मार्क. आणि ती नऊ अधिक दोन माणसं. मी दोन महिने कुवतीचाच हिशेब ठेवत होतो.

वर्गात एवढं सगळं बोललो नाही. घसा.

२३ मार्च

१३ आणि १४ झाले. १४वा सगळ्यात लांब, ७२ वचनं. शिष्य पेत्र ‘मी येशूला ओळखत नाही’ म्हणतो तेव्हा कोंबडा दोनदा आरवतो, हे फक्त मार्क सांगतो. नाटक केलं नाही.

३० मार्च

पार्श्वसंगीताचा वाद. तरुणांना हवंय, निदान वधस्तंभाच्या अध्यायाला पेटी. एकानं नारायण वामन टिळकांचा दाखला दिला: त्यांनी नाही का कविता, अभंग, कीर्तन सगळं ख्रिस्ताच्या पायी आणलं? खरं आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेण्याआधीही ते कवीच होते आणि नंतर त्यांनी ती लेखणी बदलली नाही. दुसऱ्यानं त्याहून मागे जाऊन येशूसंघी धर्मगुरू फादर स्टीफन्स काढले. जन्म इंग्लंडमध्ये, १५७९ मध्ये गोव्यात आले, आणि १६१६ मध्ये त्यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, हजारो ओव्यांचं. परक्या मुलखातल्या भाषेचा असा कान असणं ही देणगीच, आणि ओवी तर म्हणायलाच असते.

मुद्दा पटला, पण अण्णांचा प्रश्न सोपा होता: “पेटी कुणासाठी? मला ऐकू कमी येतं. दोन आवाज एकदम आले की दोन्ही जातात.” ज्यांच्यासाठी करतोय त्यांतल्या बहुतेकांचं हेच. संगीत नाही. अध्यायाच्या आधी तीन सेकंद, नंतर पाच सेकंद शांतता.

६ एप्रिल

१६:९-२० चं काय करायचं? सिनाय आणि व्हॅटिकन या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्क ८व्या वचनालाच संपतो, बायका भिऊन पळतात तिथे. छापील प्रतीत कंस आणि तळटीप असते. कानाला कंस दिसत नाही. पाळकसाहेबांनी एक वाक्य लिहून दिलं, ते मुलीच्या आवाजात घेतलं. ती तयार नव्हती. ‘तळटीप वाचायला तळटीपेसारखाच आवाज हवा’ असं म्हटल्यावर हसली आणि तयार झाली.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

जोडणी पूर्ण. १ तास ५२ मिनिटं. पाचवा अध्याय मावशींचा, बाकी माझे. मावशींना आणखी दोन देऊ केले होते, त्यांनी ईस्टरच्या फुलांचं कारण सांगितलं.

अकरा छोटे स्पीकर, प्रत्येकात मेमरी कार्ड. बटणांवर मुलीनं कापडी ठिपके चिकटवलेत: सुरू करायला एक ठिपका, पुढच्या अध्यायाला दोन. मला सुचलं नसतं.

२० एप्रिल, ईस्टर

वाटले. फ्रीजचा प्लग लावला.

२७ एप्रिल

अण्णांचा फोन. त्यांना ८:२४ बदलून हवंय. बेथसैदाचा आंधळा, ज्याला येशू दोन टप्प्यांत बरं करतो. पहिल्या टप्प्यानंतर तो म्हणतो की माणसं दिसतात, पण चालणाऱ्या झाडांसारखी.

“झाडांसारखी म्हणण्याआधी तू थांबतोस,” अण्णा म्हणाले. “जणू तो काही नवल सांगतोय. मला दिसायचं कमी होत गेलं ना, तेव्हा वर्षभर माणसं तशीच दिसायची. त्यात नवल नसतं. डॉक्टर विचारतात काय दिसतं, तर आपण सांगतो.”

मी म्हटलं, कार्डं वाटून झालीत. ते म्हणाले, “अकराच आहेत.”

संध्याकाळी गाद्या पुन्हा उभ्या केल्या. सात वेळा घेतलं. सातवं बरं आलं होतं, पण पंखा चालू राहिला होता. आठवं मुलीकडे पाठवलंय.